पोटरीवरचं जाळं

नर्स हेदर म्हणाली, स्पायडर व्हेन्स.
मी विचारलं, स्पायडर म्हणजे तोच ना, भिंतीवरचा?
म्हणाली, तोच. पण हा चावत नाही.

मी हसले ते वेगळ्याच गोष्टीला.
तिला कसं सांगू, की आमच्या भाषेत
त्या आठ पायांच्या किड्याला जे नाव
तेच माझ्या बापाचं, आज्याचं,
हर्णै बंदरातल्या निम्म्या होड्यांचं.
कोळी.
जाळं विणणारे दोघंही.
त्याला भिंत पुरते, आम्हाला दर्या लागतो.

आणि आता माझी पोटरी.

अकरा वर्षं ग्रिम्सबीच्या कारखान्यात
हॅडॉकच्या टेबलाशी उभी आहे.
लादी बर्फासारखी, बूट गुडघ्यापर्यंत,
सुरीला धार माझी मीच लावते.
शेजारी दाइवा, लिथुआनियाची.
तिच्याही मांडीवर आहे.
बूट बदलताना एकमेकींना दाखवलं,
पगाराची स्लिप ताडून बघावी तसं.

हेदरने कागदावर पाय काढला,
पायात नळी, नळीत बारकी बारकी दारं.
रक्त खाली येतं आपसूक, म्हणाली,
वर जाताना त्याला कुणी ढकलावं लागतं.
चाललात, तर पोटरी ढकलते.
नुसत्या उभ्या राहिलात तर दारं थकतात.
मला समजलं ते असं:
भरती आली,
ओहोटी यायची विसरली,
पाणी खाजणात अडकलं.

सुई आहे. औषध टोचलं की शीर मिटते,
पण सरकारी दवाखाना ते देत नाही,
हे दिसण्यापुरतं, म्हणतात.
खासगीत एका खेपेचे दोनशे ऐंशी पौंड,
खेपा बहुधा तीन,
आणि नव्या उगवणार नाहीत, अशी हमी कुणी देत नाही.
मी सवयीने अर्ध्यापासून भाव सुरू करणार होते.
हेदरकडे बघून गप्प बसले.

तोवर मोजे.
पहाटे साडेचारला, पाय जमिनीला लागायच्या आत,
हातात रबरी हातमोजे घालून
टाचेपासून इंच इंच वर ओढायचे.
जन्मभर माशांची कातडी उतरवली,
आता स्वतःला चढवतेय.
नवरा एक डोळा उघडून बघतो,
काही बोलत नाही, चहा ठेवायला जातो.

आईला असले मोजे ठाऊक नव्हते.
लिलावाला ती वाळूत उभी असायची,
चापूनचोपून नेसलेलं लुगडं, खाली उघड्या पोटऱ्या,
त्यावर निळ्या-जांभळ्या वाटा.
मी बोट फिरवत विचारायचे, ही कुठं जाते?
बंदरावर, म्हणायची.
आणि ही?
तीपण बंदरावरच, बाय, दुसरीकडं कुठं जाणार.
रात्री टोपली पालथी घालून
तिच्यावर पाय ठेवून निजायची.
हेदर म्हणाली, झोपताना पाय उशीवर, छातीपेक्षा उंच.
मी म्हटलं, माहीत आहे.

सुपरवायझर वेनकडे रबरी चटई मागितली,
तासाला पाच मिनिटं चालायला मागितली,
टेकायला स्टूल मागितलं.
चटई आली.
स्टूलचं बघतो म्हणाला. ऑगस्टपासून बघतोय.
चालते मात्र मी, कुणाला न विचारता,
बर्फाच्या खोलीपर्यंत जाते आणि परत येते,
उभ्या उभ्या टाचा उचलते, टेकवते, उचलते.
आता आमची सगळी रांग टाचा उचलते.
लांबून वाटत असेल, बाया नाचतायत.

रविवारी क्लीथॉर्प्सला गेले.
समुद्र मैलभर मागे सरलेला,
चिखलात पाण्याच्या रेघा, रेघेतून रेघ फुटलेली,
हुबेहूब.
या देशात पहिल्यांदा पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
कुणी बघितलं नाही. एका कुत्र्याने हुंगलं, बहुतेक माशासाठी.
पाणी इतकं गार की पायांना जरा सुख वाटलं.
हळूहळू चालत राहिले, भरती वळेपर्यंत.

पैसे बिस्किटांच्या डब्यात साठतायत.
सोमवारी दाइवाला विचारेन.
दोघी मिळून गेलो,
तर कमी करतील काहीतरी.